कानामागची टिकली

शर्वी विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर आली तेव्हा हर्षदाने आधी फोनमधला फोटो पाहिला, मग मुलीकडे, मग परत फोटोकडे. उजव्या भुवईवरची खोकेची खूण जुळली. गळ्यातल्या पिशवीतला पासपोर्ट जुळला. सोबतच्या कर्मचारी बाईने यंत्र पुढे केलं, हर्षदाने त्यावर अंगठा टेकवला आणि आठ वर्षांची पोर तिच्या ताब्यात आली.

तीन वर्षं दोन महिन्यांनी मायलेकी भेटत होत्या. आजूबाजूला लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. एक म्हातारी तर हातातल्या फुग्यासकट नातवाला बिलगली होती आणि मधल्या मध्ये फुगा केकाटत होता. हर्षदाने शर्वीच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाली, "शू लागली असेल तर आत्ताच जाऊन ये. बस पाऊण तासाची आहे."

शर्वीने मान हलवली. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, दुकानाचं शटर आज उघडणार आहे की नाही ते बघावं तशी.

हर्षदा बारंगुळे वाईट आई नव्हती. बार्शीच्या दवाखान्यात दहा वर्षं नर्स होती, आणि तिच्या हाताला सुई टोचताना मुलं रडत नाहीत अशी तिची ख्याती होती. नवरा पुण्यात दुसरा संसार थाटून बसल्यावर पाच वर्षांच्या पोरीला आपल्या आईजवळ ठेवून ती फिनलंडच्या उत्तर भागात, ओउलू शहरात, म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेसाठी आली. तिच्या कानामागे टिकली होती, एवढाच काय तो फरक.

टिकलीचं खरं नाव लांबलचक आणि लॅटिन होतं. महाराष्ट्रातून आलेल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं करून टाकलं. होतीही तशीच. गोल, चपटी, त्वचेच्या रंगाची, डाव्या कानामागच्या हाडावर चिकटवायची. अंगाच्या उबेवरच चालायची, त्यामुळे चार्जिंगची कटकट नाही.

तिच्यामागचं शास्त्र तसं साधं होतं. माणूस जिथे वाढतो तिथला एक नमुना मेंदू खोलवर कुठेतरी जपून ठेवतो. पाण्याची चव, उन्हाचा कल, शेजारच्या भांड्यांचा आवाज, फोडणीचा वास, सगळं. त्या नमुन्याशेजारी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याचं काम एकच, समोर जे येतं ते नमुन्याशी ताडून बघायचं. बाई दहा कामांत असली तरी तिचा एक कान कुकरच्या शिट्टीकडे असतो ना, तशा या पेशी अष्टौप्रहर जाग्या. माणूस परमुलखात गेला की त्यांना काहीच जुळेनासं होतं. पाणी ते नाही, ऊन ते नाही, हाक मारणारं कुणी नाही. मग त्या ओरडत सुटतात. तो ओरडा ऐकू येत नाही, छातीत दुखतो. त्यालाच आपण घरची आठवण म्हणतो.

टिकली हाडातून बारीक ध्वनिलहरी सोडून त्या पेशींना निजवायची. बस, इतकंच. गोळी नाही, नशा नाही. परदेशातून आलेल्या शुश्रूषा कर्मचाऱ्यांपैकी निम्मे लोक पूर्वी वर्षाच्या आत रडत परत जायचे. टिकली आल्यापासून कुणी जाईना. सक्ती अजिबात नव्हती, नुसती शिफारस होती. आणि शिफारस काय असते हे नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

हर्षदाने आल्यावर बारा दिवस दम धरला. बाराव्या दिवशी कपाटात जिरं सापडलं नाही म्हणून ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून दोन तास रडली. तेराव्या दिवशी टिकली लावली. चौदाव्या दिवशी कपाटात जिरं नाही हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. एका बाजूला उघडी गॅलरी, गॅलरीला लागून सगळ्यांची दारं, खाली बर्फाने भरलेलं आवार. दुपारचे अडीच वाजले होते आणि अंधारून आलं होतं. हर्षदाने दार उघडून बॅग आत सरकवली, बूट काढले, दिवा लावला आणि वळून बघितलं, तर शर्वी उंबऱ्याच्या बाहेर उभी.

"ये की आत."

शर्वी हलली नाही. तिने टोपी काढून हातात घेतली होती आणि डोकं थोडं पुढे झुकवलं होतं.

"आगं, ऊब बाहेर चाललीय. उणे अठरा आहे बाहेर. ये."

"हे... एवढंच?" शर्वीने विचारलं.

हर्षदाने तिला बाहीला धरून आत ओढलं आणि दार लावलं.

त्या दिवसापासून शर्वी दाराशीच राहू लागली. तिकडच्या घरांत दाराच्या आत बूट काढायला हातभर जागा असते, पायपुसणं असतं, कोट टांगायच्या खुंट्या असतात. शाळेतून आली की ती त्या पायपुसण्यावर बसायची. अंगात जाकीट तसंच, पाठीवर दप्तर तसंच. जेवण तिथे, अभ्यास तिथे. झोपायला तेवढी हर्षदा उचलून आत न्यायची, आणि सकाळी उठून बघावं तर पोरगी पांघरुणासकट पायपुसण्यावर. रडायची ती मात्र नियमाने, संध्याकाळच्या जेवणाआधी. आवाज न करता, तोंड कोटांमध्ये खुपसून.

हर्षदाला वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटायला हवं हे तिला ठाऊक होतं. तिने नाडी बघावी तशी मुलीच्या कपाळावर हात ठेवून बघितला. ताप नव्हता.

पंधरा दिवसांनी शाळेच्या नर्सने बोलावणं धाडलं. नाव पाईवी. उंच, शांत बाई, पायात लोकरीचे मोजे. तिकडे डॉक्टरपासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना अरेतुरे करायची रीत आहे, त्यामुळे बोलणं घरगुती वाटतं, विषय कसाही असो.

"बाईंनी वर्गात फोनवर भाषांतर करून विचारलं, तू कुठून आलीस," पाईवी म्हणाली. "तर तुझी मुलगी म्हणाली, मी अजून आलेच नाहीये. रोज हेच म्हणते. जाकीट काढत नाही. काळजी वाटते गं."

तिने टेबलावर एक डबी ठेवली. आत टिकली होती, नखाएवढी, वर कोल्ह्याच्या पिल्लाचं चित्र.

"लहान मुलांना मोठ्यांपेक्षा छान लागू पडते," पाईवी म्हणाली. "मेंदू अजून घडत असतो ना. दोन वर्षं लावली की पुढे लागतच नाही. त्या पेशी ते काम सोडून देतात."

"म्हणजे नंतर काढली तरी त्रास नाही?"

"नाही. कधीच नाही."

"आणि भारतात गेली तर?"

"तिथेही नाही." पाईवीने डबी पुढे सरकवली. "कुठेच नाही."

हर्षदाला ते सोयीचं वाटलं. तिने फोन काढून अर्ज उघडलाही. पण नियमाप्रमाणे मुलीचा होकार लागायचा. पाईवी खुर्चीवरून उतरून दाराशी बसलेल्या शर्वीसमोर उकिडवी बसली आणि तिला विचारलं. तिचं बोलणं हर्षदाने मराठीत सांगितलं.

शर्वी बराच वेळ कोल्ह्याकडे बघत राहिली. "आधी मला येऊ दे," ती म्हणाली. "मग बघू."

पाईवीला काही कळलं नाही. हर्षदालाही नाही. शुक्रवारी दुपारी चारपर्यंतची मुदत मिळाली. तोवर होकार आला नाही तर डॉक्टरांशी बोलून आईच्या एकट्या सहीवर भागवता येईल, असं पाईवी म्हणाली.

"मग करून टाक की सही. एवढा काय विचार चाललाय?" कुंदाताई म्हणाल्या.

कुंदाताई चिपळूणच्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, हर्षदाच्याच ठिकाणी कामाला. जेवणाच्या सुट्टीत दोघी खिडकीशी बसून फिनिश लोकांच्या कडू कॉफीला नावं ठेवायच्या. नावं ठेवायच्या सवयीला टिकली हात लावत नाही, हे एक बरं.

"विचार नाही हो चाललेला. तोच तर चालत नाहीये," हर्षदा म्हणाली. "विमानतळावर मी तिला फोटोशी ताडून बघितलं, कुंदाताई. पार्सल आल्यावर नाव बघतो तसं. आईला लेकराची खूण पटवावी लागते का?"

कुंदाताईंनी कप खाली ठेवला. "आमचे बाबा गेले तेव्हा मी गेले होते ना गावी. तुला सांगितलं नव्हतं. दहाव्याला कावळा शिवेना. सगळी भावंडं रडकुंडीला आलेली, हात जोडतायत, काय राहिलं असेल बाबांचं ते आठवतायत. आणि मी कठड्यावर बसून बघत होते. एसटी चुकली तर पुढची कितीला, तसं तोंड करून. धाकटी म्हणाली, ताई, तू आलीसच कशाला?"

"वाईट वाटलं असेल."

"नाही गो. वाईट वाटलं नाही, आणि त्याचंही वाईट वाटलं नाही. तीच तर गंमत." कुंदाताई हसल्या नाहीत. "आल्यावर मी इथल्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, अगदी स्वाभाविक आहे. ज्या पेशी 'हे आपलं नाही' म्हणून ओरडतात, त्याच पेशी 'हे आपलं' असंही सांगतात. तराजू एकच. एक पारडं बांधून ठेवलं की दुसरंही हलत नाही. टिकलीच्या कंपनीने पत्रकात पहिलंच पारडं छापलंय."

"मग तुम्ही काढली का नाही?"

"काढून?" कुंदाताईंनी कानामागे बोट फिरवलं. "दोन-तीन तास काहीच होत नाही म्हणे. मग त्या उठतात. झोपमोड झालेल्या पोरागत भोकाड पसरतात, आणि आठवडेच्या आठवडे गप्प होत नाहीत. केरळची आन्सी आठवते? तिने काढली. पाचव्या दिवशी कामावर उभं राहवेना. काम गेलं, परवाना गेला, बाई परत. आणि माझं तर आता तिकडे कोण आहे? कुणासाठी रडू?"

हर्षदाचं कोण आहे, तर दीड किलोमीटरवरच्या शाळेत जाकीट घालून बसलेली एक मुलगी. आणि आपण कामावर उभ्या राहिलो नाही तर त्या मुलीलाही परत जावं लागेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. टिकली विचार पुसत नाही. विचार लख्ख राहतात. त्यांना ओल तेवढी राहत नाही.

गुरुवारी दुपारी आईचा फोन आला. हर्षदाच्या आईला सगळं घर जिजी म्हणायचं. बार्शीत संध्याकाळ झालेली. पडद्यावर जिजी, मागे गॅसवर तवा आणि ताटलीत ज्वारीच्या भाकरीची चळत.

"काय करायलीय माझी बाय?"

"दाराशी बसलीय."

"दाराशी? कुणी यायचंय का?"

"नाही. रोज तिथंच बसते." हर्षदाने पहिल्या दिवशी ती दारातच थांबल्याचं, ऊब बाहेर चाललीय म्हणून तिला आत ओढल्याचं, पाईवीचं, कोल्ह्याचं, सहीचं सगळं सांगितलं. हवामान सांगावं तसं. जिजी ऐकत होती. मध्येच तिने गॅस बंद केला.

"हर्षा, तुकडा ओवाळलास का?"

"कसला तुकडा?"

जिजीने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तू बाळंतपणाहून दवाखान्यातनं आलीस तवा दारात कोण उभं हुतं? म्या. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. ओवाळून टाकला तवा तुला आन् ह्या पोरीला आत घेतलं. इसरलीस?"

"आठवतंय." आठवत होतं. तारीखसुद्धा आठवत होती.

"म्या तिला सांगून धाडलंय. म्हणलं, लांबनं जायलीस. वाटंत कायबाय नदर लागती, शीण चिकटतो. आई दारात तुकडा ओवाळंल, डोळ्याला पाणी लावंल, मगच उंबरा वलांडायचा. तवर माणूस आल्यालं नसतंय."

हर्षदाने मागे वळून पाहिलं. शर्वी कोटांखाली बसून फिनिश अंक गिरवत होती. एका हाताने दप्तराचा पट्टा धरलेला. कुठल्याही क्षणी उठून बाहेर उभं राहता येईल अशी.

"म्हणजे पोर पंधरा दिस वाट बघायलीय व्हय गं?" जिजीचा आवाज चिरकला. "आन् तू म्हणायलीस ऊब बाहेर जायलीय?"

आईला रडताना हर्षदा बघत राहिली. जिजीच्या नाकाच्या शेंड्यावर पीठ होतं.

शुक्रवारी साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीत, हर्षदाने कामाच्या ठिकाणच्या न्हाणीघरात जाऊन टिकली काढली. काही झालं नाही. आरशात कानामागे फिकट गोल वळ दिसला. इतकी वर्षं झाकलेली कातडी. टिकली कागदात गुंडाळून तिने खिशात टाकली. कामावर परत जाऊन दोन आजोबांची औषधं दिली. तरी काही झालं नाही.

हे मन पाझरलं म्हणून केलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. तिखटामिठाची चव गेलेली बाई जशी मापाने मीठ घालते, तसं तिने हे केलं. 'कुठेच नाही' हा पाईवीचा शब्द तिने रात्रभर उलटापालटा करून बघितला होता. कुठेच त्रास नाही. म्हणजे म्हातारपणी ही मुलगी बार्शीत उतरेल, जिजीचा तवा हातात घेईल, आणि पासपोर्टावरचं गाव बरोबर आहे का तेवढं बघेल. हे चूक आहे असं हर्षदाला वाटत नव्हतं. चूक आहे हे ती जाणत होती. एवढ्यावर भागवायचं होतं.

शर्वीला आणायला जाताना वाटेत तिने दुकानातून राय नावाच्या धान्याची काळी पोळी घेतली. मध्ये भोक असलेली, भाकरीएवढीच जाड.

शाळेतून घरी पोचेस्तोवर पावणेतीन झाले. गॅलरीत दिवे लागले होते. शर्वी सवयीने दारातून आत शिरून पायपुसण्यावर बसणार, तोच हर्षदा म्हणाली, "थांब. बाहेर उभी राहा."

शर्वी थांबली. तिने एकदा आईकडे बघितलं. मग, काही न विचारता, टोपी काढली.

हर्षदा आतून पोळीचा तुकडा आणि पाण्याचा पेला घेऊन आली आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी राहिली.

"ही भाकरी नाहीये," शर्वी म्हणाली.

"इथली भाकरीच आहे."

"तांब्या पण नाही."

"तुझ्या आजीसारखी बोलू नकोस. डोकं खाली कर."

हर्षदाने तुकडा मुलीच्या डोक्यावरून ओवाळला. एकदा, दोनदा, तीनदा. हात आपोआप फिरत होता, सलाईन लावताना फिरतो तसा. मग अडचण आली. तुकडा टाकायचा कुठे? उजवीकडे शेजाऱ्याचं दार, डावीकडे जिना, आणि गॅलरीत कचरा टाकल्यास सोसायटीची नोटीस.

"खाली टाक ना. बर्फात," शर्वी कुजबुजली. "पक्षी खातील."

तुकड्याचे दोन भाग करून हर्षदाने ते कठड्यावरून दोन बाजूंना भिरकावले. पेल्यात बोटं बुडवून मुलीच्या डोळ्यांना पाणी लावलं. पाण्याने बोटं ठणकली. खाली काळापांढरा पक्षी एका तुकड्यावर उतरला.

"झालं," हर्षदा म्हणाली. "ये."

शर्वीने उजवा पाय उचलून आत ठेवला. मग डावा. पायपुसण्यावरून पलीकडे गेली. दप्तर उतरवलं, जाकीट काढून खुंटीला अडकवलं. हात वर करून एक लांब जांभई दिली आणि सगळ्या घराकडे नव्याने बघत म्हणाली, "आई, इथे जिऱ्याचा वासच येत नाही."

हर्षदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तुकडा टाकायला ती बाहेर गेली होती, ती अजून बाहेरच होती. खरंच की. येत नाही. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं काहीतरी झालं. मग छातीत दुखलं. समोर उभ्या मुलीच्या केसांत डाव्या बाजूला भोवरा होता. तिच्या वडिलांना नव्हता, हर्षदाला होता. तो कुठल्या फोटोत दिसत नव्हता. तो ताडून बघावा लागला नाही.

खिशात फोन वाजला. शाळेच्या अर्जाची आठवण. सोमवार कसा उजाडेल, आपण कामावर उभ्या राहू की नाही, तिला माहीत नव्हतं. तिने फोन काढला नाही.

"आई, आत ये ना," शर्वी म्हणाली. "ऊब बाहेर चाललीय."

हर्षदाने पाय उचलायला बघितला. उचलेना. जिरं, फरशी, बार्शीच्या स्टँडावर सोडलेला पाच वर्षांचा हात, जिजीच्या नाकावरचं पीठ, सगळं कुठूनतरी चालत यायला लागलं होतं, आणि ते थांबणार नव्हतं.

"शर्वी," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, आणि मग आला. "माझ्यावरून कुणी ओवाळलाच नव्हता गं. मी आले तेव्हा."

शर्वीने थोडा विचार केला. मग आत पळाली आणि पोळीचा भलामोठा तुकडा आणि काठोकाठ भरलेला पेला घेऊन आली. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. हर्षदा गॅलरीत गुडघ्यांवर बसली, म्हणजे पोरीचा हात पुरेल.

शर्वीने तुकडा चार वेळा ओवाळला. तीनदाच असतो, पण हर्षदाने तिला थांबवलं नाही.

आणि तीन वर्षं, तीन महिन्यांनी हर्षदा बारंगुळे फिनलंडला पोचली.